पैसे नकोत, बाकीच्या घरांना कळवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीत माझं दप्तरं आणि पिशव्या शिवायचं लहानसं दुकान आहे. दोन मशिनं, एक मी आणि एक मदतीला येणारी बाई. बावीस वर्षं हेच काम करते आहे. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. पत्र लांबलं आहे, पण मध्येच तोडू नका अशी विनंती करते. कारण मी ज्या वस्तूबद्दल लिहिते आहे ती तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या तरी घरी खुंटीला अडकवलेली असणार, आणि उद्या सकाळी ती एखाद्या लेकराच्या अंगावर चढणार.

माझी नात साडेतीन वर्षांची आहे. वजन १३ किलो. जूनमध्ये तिची बालवाडी सुरू झाली. सून एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते, जाताना तिला स्कूटरवरून सोडते. त्यासाठी तिने मोबाइलवरून मुलांना दुचाकीवर बांधायचा पट्टा मागवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लहान मुलाच्या अंगात घालायचं जाकीट असतं, त्याला जोडलेल्या दोन पट्ट्या दप्तराच्या बंदांसारख्या चालवणाऱ्याच्या खांद्यांत येतात. मूल पाठीला धरून राहतं, पेंगलं तरी कलत नाही. किंमत ६४९ रुपये.

हा पट्टा तिने हौसेने घेतला नव्हता. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि वर्षभराने ती लागू झाली. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना असा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये, असं त्यात आहे. पट्टा कसा असावा तेही लिहिलं आहे: वजनाला हलका, कमी-जास्त करता येणारा, पाण्याने खराब न होणारा, टिकाऊ, जाड नायलॉनचा, आत घट्ट फोम, आणि ३० किलो वजन पेलेल असा. सुनेने नियम वाचून वस्तू घेतली. विकणाऱ्याच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हेवी नायलॉन, ३० किलोपर्यंत सुरक्षित’.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, घरापासून पाचेक मिनिटांवर एक गतिरोधक लागतो तिथे उजवी पट्टी जाकिटातून निघून आली. रात्रभर पाऊस झालेला, गाडी हळूच होती. नात डावीकडे लोंबकळली, सुनेने ब्रेक दाबला, गाडी थांबता थांबता पोरगी खाली आली. हेल्मेटच्या कडेला बोटभर लांब चरा पडला आहे. तो चरा कपाळावर पडला असता. हनुवटीला तीन टाके पडले, दोन्ही गुडघे सोलले. मागून येणारा रिक्षावाला सावध होता म्हणून त्याची रिक्षा वेळेत थांबली. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं याची मला अजून रुखरुख आहे.

त्या रात्री पोरगी झोपल्यावर मी तो पट्टा दुकानात नेला आणि मशिनच्या दिव्याखाली धरला. पट्टी तुटलेलीच नव्हती. ती शिलाईतून अख्खीच्या अख्खी बाहेर आली होती, भुईमुगाची शेंग वेलावरून ओढून काढावी तशी.

दप्तराचा बंद कसा बसवतात ते सांगते, म्हणजे माझा राग समजेल. पट्टीचं टोक आधी आगीवर धरून वितळवून घ्यायचं, नाहीतर धागे सुटत जातात. मग ते टोक दोन थरांच्या मध्ये किमान दोन बोटं आत घ्यायचं. त्यावर चौकट मारायची आणि चौकटीच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली घालायची. ओढ कुठल्याही बाजूने आली तरी ती सगळ्या टाक्यांत वाटली जाते. दोरा नायलॉनचा, जाड. दुसरीतल्या मुलाचं दप्तर पुस्तकं आणि डबा धरून चारेक किलो भरतं, आणि तेवढ्यासाठीही मी फुलीशिवाय बंद देत नाही. या पट्ट्यात, जिथे एक जिवंत लेकरू टांगायचं आहे तिथे, पट्टीचं टोक जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत होतं. टोक वितळवलेलं नव्हतं. त्यावर एक सरळ शिलाई, तीही मोठ्या टाक्याची. मी बोट ठेवून मोजले, बोटाच्या पेराएवढ्या अंतरात तीन टाके. दोरा ब्लाउज शिवायला वापरतात तो. डाव्या बाजूची शिलाईही अर्धी उसवली होती. आणखी चार दिवस पट्टा वापरला असता तर दोन्ही पट्ट्या एकदम सुटल्या असत्या.

शिलाई चुकते, माझीही चुकते. घाईत एखाद्या दप्तराची फुली राहते आणि गिऱ्हाईक परत येतं. पण इथे कारागिराचा हात चुकलेला नाही. दोरा वाचवला, टाके वाचवले, पट्टीचे दोन इंच वाचवले, असा हिशेब कुणीतरी बसून केलेला आहे. मशिनवर बसणाऱ्या बाईला मी दोष देत नाही, तिला नगामागे जे सांगितलं ते तिने केलं असणार.

दुसऱ्या दिवशी मुलाने ज्या कंपनीच्या ॲपवरून वस्तू आली तिथे फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. तिचं म्हणणं, परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती संपली. आम्ही वस्तू बनवत नाही, विकणारा वेगळा आहे, आम्ही फक्त मध्ये आहोत. मुलाने फोटो पाठवले, टाक्यांचे आणि पोरीच्या हनुवटीचेही. तिसऱ्या दिवशी निरोप आला की ‘सद्भावना म्हणून’ पूर्ण रक्कम परत देतो, वस्तू घ्यायला माणूस येईल.

इथे माझ्या हातून मोठी चूक होणार होती, म्हणून हे सविस्तर लिहिते. मी पट्टा पिशवीत भरून ठेवला होता. माणूस दारात उभा होता. माझ्याकडे काम करणारी बाई मशिनवरूनच म्हणाली, “अक्का, त्यो पट्टा परत धाडलासा तर उद्या दावणार काय?” शाळा तिने चौथीपर्यंतच पाहिली आहे, पण त्या घरात त्या दिवशी तिच्याएवढा विचार कुणी केला नव्हता. मी त्या माणसाला पाणी दिलं आणि रिकामं पाठवलं.

पट्टा माझ्या कपाटात आहे. खोका, त्यावरचं लेबल, बिल, विक्रीच्या पानाचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं एका पाकिटात. पैसे मात्र मिळाले नाहीत, कारण वस्तू परत केली नाही. चालेल.

मुलाने त्या पानावर खरेदीदारांचं मत लिहितात तिथे सगळा प्रकार फोटोसकट लिहिला. दोन दिवसांत ते काढून टाकलं गेलं. आमच्या नियमांत बसत नाही, एवढंच कारण. राहिलं काय, तर चार आणि पाच तारे, ‘मस्त प्रॉडक्ट’, ‘मुलाला आवडला’.

तीन आठवड्यांनी मी माझ्या पैशांनी तोच पट्टा पुन्हा मागवला. खरंच सांगते, मनात आशा होती की मिळणार नाही, आम्ही एवढं कळवल्यावर बंद केला असेल. दोन दिवसांत आला. तेच जाकीट, तेच लेबल, तसेच टाके. त्याच्या मोकळ्या टोकाचा बोटभर तुकडा कापला, पाण्यात चांगला चुरगळून आतली हवा काढली आणि सोडला. तरंगला. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं की नायलॉनची पट्टी बुडते आणि पीपीची तरंगते. पीपी म्हणजे स्वस्तातलं प्लास्टिक, गोणपाटाऐवजी ज्याच्या पांढऱ्या पोत्या येतात ते. मग दुकानातल्या तुळईला पट्ट्या बांधल्या आणि जाकिटात १५ किलो ज्वारीची पिशवी बसवली. स्थिर उभी राहिली. हाताने थोडं वर उचलून सोडली, गतिरोधकावर बसतो तेवढाच दणका. तिसऱ्या वेळेला डावी शिलाई सुटली. ज्वारी सगळ्या दुकानभर झाली, आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिलो.

ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, हे मला कळतं. पण ३० किलो म्हणून विकलेली वस्तू १५ किलोला तीन दणके सोसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, त्यानंतरच्या दिवसांत तरुणपणी ते त्या कामात होते. २४ डिसेंबर १९८६ ला पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्याच्या आधी लोकांना गोळा करून सभा घेतल्याचं ते अजून सांगतात. त्यांनी चष्मा लावून नवा कायदा, २०१९ चा, माझ्यासमोर उघडला. त्यातलं जे मला समजलं ते वाचकांनाही समजावं असं वाटतं, कारण आम्हाला फोनवर जे सांगितलं गेलं त्यातलं बरंचसं खरं नव्हतं.

सात दिवसांची मुदत ही पसंत-नापसंतीसाठी. वस्तू सदोष निघाली, किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसली, तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत हे लिहिलेलं आहे. ॲप चालवणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. आम्ही फोनवर वाद घालत बसलो, त्या अधिकाऱ्याला लेखी लिहायला हवं होतं ते नंतर सुचलं.

दुसरं, पट्ट्याची किंमत वेगळी आणि पोरीच्या इजेची भरपाई वेगळी. वस्तूतल्या दोषामुळे शरीराला इजा झाली, मनाला त्रास झाला, तर त्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. याला उत्पादन दायित्व म्हणतात आणि कायद्यात त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. बनवणाऱ्याने ‘३० किलो’ अशी लेखी हमी दिली असेल आणि ती खोटी ठरली, तर माझा निष्काळजीपणा नव्हता असं सांगूनही तो सुटत नाही. वस्तू चुकीची वापरली किंवा तिच्यात आपणच बदल केला असेल, तर मात्र दावा टिकणार नाही. म्हणून पट्टा सैल वाटला तर घरी दोन टाके मारून घेऊ नका, हे मी शिवणकाम करणारी असूनही सांगते.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आमच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं आणि पत्ता म्हणून ‘इंडस्ट्रियल एरिया’ एवढंच, पुढे शहर. गाळा नंबर नाही, पिन कोड नाही. मी स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं, ते ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आलं. मास्तर म्हणाले, हे पाकीट न फोडता जपून ठेवा. कारण बनवणारा कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोचवता येत नसेल, तर ज्याने वस्तू विकली त्याच्यावर जबाबदारी येते. कलम ८६. आमच्याकडे आता तो पुरावा भारत सरकारच्या टपाल खात्याने शिक्का मारून दिलेला आहे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही आम्ही तक्रार नोंदवली. मराठीत बोलले, नंबर दिला, कंपनीला कळवलं. कंपनीने तिथेही तेच उत्तर दिलं की वस्तू परत करा, पैसे घ्या. हेल्पलाइनला याच्या पुढे हुकूम देण्याचा अधिकार नाही, ती तडजोडीसाठी आहे. म्हणून मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली, मुलाने ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लागत नाही, कंपनी कुठल्याही राज्यातली असो आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते. निकाल काय लागेल तो लागो.

इथे मला एक तक्रार कायद्याबद्दलच करायची आहे. वस्तू सदोष आहे की नाही हे तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग तिला सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. बरोबर आहे. पण त्या तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरावी असं आयोग सांगू शकतो. ६४९ रुपयांच्या वस्तूसाठी किती घरं ती भरतील? टीव्ही, फ्रिज असता तर माणूस विचार तरी करेल. ज्या वस्तूवर लहान मुलाचा जीव अवलंबून आहे तिची तपासणी सरकारी खर्चाने व्हायला हवी, आणि दोष निघाला तर तो खर्च विकणाऱ्याकडून वसूल करावा.

पण संपादक महोदय, मी पत्र लिहायला बसले ते भरपाईसाठी नाही. आम्हाला ६४९ मिळाले, उद्या आयोगाने आणखी काही दिले, तरी तो पट्टा दुसऱ्या गावात दुसऱ्या पोरीच्या अंगावर आहेच. माझ्या नातीच्या आधी तो किती जणांनी घेतला? त्या पानावरच हजारावर लोकांनी तारे दिलेले दिसतात. त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर कंपनीकडे आहे. याच कंपनीचे माझ्या सुनेच्या फोनवर दिवसाला चार-चार निरोप येतात, आज साडीवर सूट आहे, तुमच्या यादीतल्या कुकरची किंमत उतरली आहे. मग एक निरोप ‘तुम्ही घेतलेला पट्टा वापरू नका’ असा का जात नाही? खर्च किती, वेळ किती?

हे करता येतं आणि झालेलं आहे. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलं. धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवायला लावण्याचा आणि घेणाऱ्यांना पैसे परत द्यायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सक्तीच्या प्रमाणकात न बसणारे प्रेशर कुकर विकल्याबद्दल त्याने एका मोठ्या ई-कॉमर्स कंपनीला आदेश दिला होता की विकलेल्या २,२६५ कुकरच्या प्रत्येक ग्राहकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या. मे २०२३ मध्ये गाडीचा सीटबेल्ट न लावता त्याचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपा विकणाऱ्या पाच कंपन्यांवर कारवाई झाली आणि तेरा हजारांवर पानं उतरवली गेली. कुकरचं झालं, क्लिपांचं झालं, मग लेकरांच्या पट्ट्याचं व्हायला काय हरकत आहे?

त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, हे मला मास्तरांनी दाखवलं तेव्हा पटेना. कलम १७. अनेक ग्राहकांच्या हिताला बाधा येत असेल तर कुणीही साधं लेखी पत्र आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊ शकतं, आणि जिल्हाधिकाऱ्यांना चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल देता येतो. जिल्हाधिकारी म्हणजे जमिनीचे वाद, पूर आणि निवडणूक, असंच आपण समजतो. मी कोल्हापूरला जाऊन अर्ज दिला, सोबत ज्वारीच्या पिशवीचे फोटो जोडले. पोच घेतली आहे. पण एकीचा अर्ज आणि पन्नास जणींचे अर्ज यांत फरक पडतो. हे पत्र त्यासाठी आहे.

आणखी एक मागणी. हेल्मेटवर १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून. नातीच्या हेल्मेटवर तो शिक्का होता, खाली परवान्याचा नंबर होता, आणि हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर या ॲपवर तो नंबर टाकून आम्ही खात्री केली होती. ते हेल्मेट टिकलं, चरा पडला पण फुटलं नाही. पट्ट्यावर मात्र कसलाच शिक्का नव्हता, नुसते शब्द होते. सरकार जी वस्तू घ्यायला आपल्याला भाग पाडतं, तिच्यावरही हेल्मेटसारखा शिक्का सक्तीचा करावा. ३० किलो पेलतं की नाही हे वस्तू विकायच्या आधी बघा, गतिरोधकावर नको.

काही नातेवाइकांनी सुनेलाच बोल लावले. एवढ्या लहान पोरीला गाडीवर नेतातच कशाला, म्हणून. मला ते फार लागलं. रिक्षाने जायचं तर महिन्याला पगारातला केवढा वाटा जाईल, आणि सकाळी साडेआठला आमच्या भागातून बालवाडीकडे जाणारी बस नाही. ती गाडी सावकाश चालवते, पोरीला हेल्मेट घालते, पट्टा बांधते. आईने करायचं ते तिने सगळं केलं होतं. तरी त्या दिवसापासून ती रात्री दचकून उठते आणि पोरीच्या हनुवटीवर हात फिरवून बघते. ती मला म्हणाली, “आई, मीच बघून घ्यायला पाहिजे होतं.” मी बावीस वर्षं पट्ट्या शिवते, तो पट्टा घरात पाच आठवडे खुंटीला होता, आणि मी एकदाही उलटा करून पाहिला नाही. तिने काय बघायचं?

म्हणून वाचकांना हात जोडून सांगते, घरात असा पट्टा असेल तर आज रात्री जाकीट उलटं करा. जिथे खांद्याची पट्टी जाकिटाला जोडली आहे तिथे चौकट आणि फुली दिसली पाहिजे. नुसती एक रेघ दिसली तर पट्टा वापरू नका. दोन्ही हातांत धरून जोरात ओढा, टाक्यांच्या मध्ये उजेड दिसला तरीही वापरू नका. बकल दाबून लावा आणि न दाबता ओढून बघा. आणि सदोष निघाला तर फेकू नका, परत पाठवू नका, आमच्यासारखा पाकिटात भरून ठेवा. विक्रीचं पान तेव्हाच्या तेव्हा फोटो काढून घ्या, कारण मजकूर नंतर बदलतो. आमच्या पानावरचे ‘हेवी नायलॉन’ हे शब्द ऑगस्टमध्ये गेले, ‘प्रीमियम मटेरियल’ आलं.

नातीचे टाके निघाले. हनुवटीखाली पांढरी रेघ राहिली आहे, डॉक्टर म्हणतात वाढत्या वयात फिकी होईल. तिला आता गाडीवर बसायचं म्हटलं की ती आधी माझ्याकडे येते आणि पट्टा दाखवते, “आजी, ओढून बघ.” हा पट्टा मी स्वतः शिवलेला आहे. विकायला मी तो शिवत नाही. शेजारणी मागतात, पण ज्याची तपासणी झालेली नाही ते दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर मी घालणार नाही.

काल दुपारी ॲप उघडून पाहिलं. तो पट्टा विक्रीला आहे. किंमत आता ५९९ झाली आहे.

आपली नम्र,
दप्तरं शिवणारी एक आजी,
इचलकरंजी, जि. कोल्हापूर